पोर्टफोलिओत नेमकं काय घालायचं? (शिक्षकांसाठीचं प्रगत प्रमाणपत्र)

ऐरोलीकरीण:

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी विज्ञानाची शिक्षिका. ठाण्यात मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत बरीच वर्षं काढली, आता नवी मुंबईत केंब्रिज अभ्यासक्रमाच्या एका शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. शाळेनं आम्हा काही जणींना केंब्रिजच्याच 'टीचिंग अँड लर्निंग'च्या पीडीक्यूला, म्हणजे शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाच्या कोर्सला, बसवलंय. पहिलं मॉड्यूल झालं की सर्टिफिकेट, तिन्ही झाली की डिप्लोमा. सर्टिफिकेट झालं, पण पुढे घोडं अडलंय ते पोर्टफोलिओवर. तीन तासांचा पेपर असता तर रात्री जागून दिला असता, आपल्याला ती सवय आहे. इथे पेपर नाहीच. वर्गात केलेल्या कामाचे पुरावे, मेंटरनं पाहिलेल्या पाठाचं निरीक्षण आणि त्यावर आपण लिहिलेलं चिंतन, एवढ्यावर परीक्षक ठरवणार.

सामान भरपूर आहे हो माझ्याकडे. सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाची, म्हणजे 'निष्ठा'ची आणि 'दीक्षा' पोर्टलवरची प्रमाणपत्रं, विज्ञान प्रदर्शनाचे फोटो, पीपीटी, पालकांची छान छान पत्रं, वर्कशीटांचा गठ्ठा. मेंटरनं सगळं चाळलं आणि म्हणाली, "फाइल सुंदर आहे, पण यातून मुलं काय शिकली ते मला कळलं नाही." तेव्हापासून डोकं भणभणतंय.

तर मला विचारायचंय ते असं. पुरावा म्हणून नेमकं काय धरतात? चिंतन म्हणजे 'पाठ छान झाला, मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' याच्या पुढे काय लिहायचं असतं? मुलांचे फोटो, व्हिडिओ घालायचे तर परवानगीचं काय? आणि हे सगळं इंग्रजीत. बोलते ठीकठाक, पण विचार मराठीतच येतो.

असं काही केलेल्यांनी लिहा प्लीज, इथलं असो की बाहेरचं. राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराचा अर्ज भरलेल्यांनीही लिहा.

मामलेदार_मिसळ:

तिखट लिहितोय, ताक जवळ ठेवा.

शिक्षकानं शिकवायचं कधी? यू-डायसवर शाळेची माहिती भरा, मुलांचे अपार आयडी काढा, मतदार यादीसाठी बीएलओ होऊन दारोदार फिरा. कार्यक्रम असला की आधी बॅनर सरळ धरून फोटो, तो ग्रुपवर, मग कार्यक्रम. आता वर हा पोर्टफोलिओ. म्हणजे ज्याला लिहिता येतं तो उत्तम शिक्षक आणि ज्याला शिकवता येतं तो रांगेत मागे. माझ्या आईनं आयुष्यभर पहिली-दुसरीला शिकवलं. तिची मुलं आज पन्नाशीला आली तरी रस्त्यात वाकून नमस्कार करतात. तिच्या नावावर एक कागद नाही. ती कच्ची शिक्षिका होती का?

पामबीच_रनर:

वाचनखूण साठवली. घरी दाखवतो, बायको याच कोर्सला आहे आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर गेले काही आठवडे जेवायला जागा नाही.

खारेगावचे_सर:

मिसळराव, तुमच्या आईंना माझाही नमस्कार. तक्रारही निम्मी मान्य. पण आपल्याकडे कागद खोटे का झाले, हे बघितलं तर ऐरोलीकरीण ताईंचं काम सोपं होईल.

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक (वर्षभर चालणारं), संकलित (सत्राअखेरचं) आणि वर्णनात्मक नोंदी. कल्पना उत्तम होती. शिक्षकानं प्रत्येक मुलाकडे बघावं आणि दिसलं ते दोन ओळीत लिहावं. झालं काय? दोन-चार वर्षांत 'वर्णनात्मक नोंदी'च्या तयार याद्या बाजारात आल्या, मग व्हॉट्सॲपवर आल्या. 'प्रयोगाची मांडणी अचूक करतो.' 'परिसरातील घटकांविषयी कुतूहल व्यक्त करतो.' पट साठ, नोंदी साठ, आणि मुलांची नावं झाकली तर कुठली नोंद कोणाची हे लिहिणाऱ्यालाही सांगता येऊ नये. तीच गत कृतिसंशोधनाची. समस्या, कारणं, कृतिगृहीतकं, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, सगळं बांधीव मिळतं. फक्त शाळेचं नाव बदलायचं.

तेव्हा ताई, माझी कसोटी एकच. लिहिलेल्या वाक्यातलं मुलाचं नाव काढून दुसऱ्या मुलाचं घाला. वाक्य तितकंच खरं वाटलं तर ते वाक्य कापा.

परदेशस्थ_नौपाडकर:

सरांना +१००. मी मूळची ठाण्याची, सध्या नॉर्थ कॅरोलायनात मिडल स्कूलला गणित शिकवते. इकडे 'नॅशनल बोर्ड सर्टिफिकेशन' असतं, ते मी केलंय. तुमचा कोर्स वेगळा आणि नियमही वेगळे, त्यामुळे तुमची हस्तपुस्तिका हाच शेवटचा शब्द. पण पोर्टफोलिओ म्हणून परीक्षक काय शोधतात, ते फारसं वेगळं नसतं. जरा सविस्तर लिहिते.

हे बोर्ड १९८७ साली सुरू झालं. राज्याचा शिकवण्याचा परवाना वेगळा, तो सगळ्यांना लागतोच. हे त्यावरचं आणि ऐच्छिक आहे, आणि किमान तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं. चार भाग आहेत. पहिला विषयज्ञानाचा, संगणकावरची परीक्षा. उरलेले तीन पोर्टफोलिओचे. दुसऱ्या भागात मुलांच्या कामाचे नमुने घेऊन, वेगवेगळ्या मुलांसाठी आपण शिकवणं कसं बदललं ते दाखवायचं. तिसऱ्यात वर्गाचे दोन व्हिडिओ, प्रत्येकी १० ते १५ मिनिटं, मध्ये एकही कट नाही. चौथ्यात मुलांविषयीची माहिती कुठून मिळवली, चाचण्यांतून काय कळलं, सहकाऱ्यांबरोबर आणि पालकांबरोबर काय केलं आणि त्याचा मुलांना काय उपयोग झाला. एका भागाची फी ४७५ डॉलर, म्हणजे चारांचे १,९००, नोंदणी वेगळी. आमच्या राज्यात प्रमाणपत्र मिळालं की पगार १२ टक्क्यांनी वाढतो, म्हणून लोक जिवावर उदार होतात. :) आणि एकदा मिळालं की जन्माचं नाही, दर पाच वर्षांनी नूतनीकरण.

आता मुद्दा. बोर्डाच्या सूचनांमध्ये लेखनाचे तीन प्रकार वेगळे काढून दाखवलेत: वर्णन, विश्लेषण, चिंतन. भारतीय मैत्रिणींचे मसुदे मी वाचून देते, त्यात नव्वद टक्के वर्णन असतं. 'मी असं केलं, मग तसं केलं, मुलांना मजा आली.' वर्णन लागतंच, नाहीतर वर्गात नसलेल्या माणसाला काही कळणार नाही. पण त्याला मार्क नाहीत. मार्क विश्लेषणाला. म्हणजे: या मुलानं हे उत्तर का लिहिलं असेल? त्याच्या डोक्यात काय चाललं होतं? त्यावरून मी काय ठरवलं आणि दुसरं काही का नाही ठरवलं? आणि चिंतन म्हणजे 'मला खूप शिकायला मिळालं' नव्हे. पुढच्या वेळी हाच घटक घेताना नेमकं काय बदलेन आणि ते कशाच्या आधारावर, ते चिंतन.

पुराव्याबद्दल. पुरावा मुलाच्या हातचा हवा. तुमची पीपीटी हा तुम्ही पीपीटी केल्याचा पुरावा. प्रदर्शनाचा फोटो हा प्रदर्शन झाल्याचा पुरावा. शिकण्याचा पुरावा वहीच्या पानावर असतो, खोडलेल्या ओळीत असतो. शिकवण्याआधीचं पान आणि नंतरचं पान, एकाच मुलाचं. अशी दोन मुलं घेतलीत तरी पुरतं, पण ती एकमेकांहून वेगळी हवीत. आणि दोन्ही हुशार घेऊ नका, हा मोह सगळ्यांना होतो. ज्याला आधीच येत होतं त्याच्या पानावरून तुमचं काय दिसणार?

आमच्या मूल्यमापनाच्या निकषात पुरावा कसा हवा तर स्पष्ट, सुसंगत आणि पटणारा. भरपूर असा शब्द कुठे नाही.

मिसळराव, तुमच्या आईंबद्दल: माझी पैज आहे, त्यांना विचारलंत की अमक्या मुलाला हातच्याची वजाबाकी कशी जमायला लागली, तर त्या तासभर सांगतील. तो तासभर म्हणजेच पोर्टफोलिओ. फक्त त्यांना कोणी विचारलं नाही.

मामलेदार_मिसळ:

हे बरोबर पकडलंत. विचारतो तिला. पण माझा मुद्दा उभा आहे: मग नुसतं विचारा ना, मुलाखत घ्या. लिहायला का लावता?

परदेशस्थ_नौपाडकर:

कारण परीक्षक दोन हजार मैलांवर बसलेला असतो आणि त्यानं तुम्हाला ओळखू नये अशीच योजना असते. मुलाचं आडनाव, शाळेचं नाव, गाव, काही येऊ द्यायचं नाही. ओळखीवर मार्क नकोत म्हणून. आपल्याकडे मुलाखती कशा होतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

मामलेदार_मिसळ:

बोलती बंद. ताक मीच पितो.

आसनगाव_लोकल:

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. राहायला ठाण्यात, शाळा शहापूर तालुक्यात, त्यामुळे हा प्रतिसाद लोकलमधून.

राष्ट्रीय पुरस्काराचा विषय निघालाय म्हणून सांगतो, आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते, कोणी नवीन वाचत असेल तर गोंधळेल. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी, त्यासाठी राज्याच्या एससीईआरटीचं (शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं) प्रशिक्षण असतं, त्यातही स्वाध्याय असतात. ते सेवेचं आणि पगाराचं प्रकरण. राज्याचा सावित्रीमाई फुले शिक्षक गुणगौरव पुरस्कार वेगळा. आणि राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार, जो ५ सप्टेंबरला राष्ट्रपतींच्या हस्ते देतात, तो आणखी वेगळा. त्यात प्रशस्तिपत्र, ५०,००० रुपये आणि रौप्यपदक.

राष्ट्रीय पुरस्कारासाठी अर्ज आपण स्वतःच केंद्राच्या पोर्टलवर भरायचा. किमान दहा वर्षांची नियमित सेवा हवी, खासगी शिकवण्या घेणारा बाद. आधी जिल्ह्याची समिती, मग राज्याची, मग राष्ट्रीय ज्यूरी. आणि अर्जाबरोबर पोर्टफोलिओ: कागदपत्रं, साधनं, उपक्रमांचे अहवाल, क्षेत्रभेटी, फोटो, ध्वनिफिती, चित्रफिती. सगळं खरं असल्याचं हमीपत्रही. वस्तुनिष्ठ निकषांना गुण थोडे, मोठा हिस्सा प्रत्यक्ष कामगिरीचा.

मी अर्ज भरला होता, निवड झाली नाही, ते असो. पण अर्ज भरताना एक फायदा झाला. माझ्या शाळेत पावसाळ्यात पट गळतो. भातलावणीला मुलं घरी राहतात, दिवाळीनंतर काही कुटुंबं वीटभट्टीवर जातात. आम्ही 'हंगामी वसतिगृह, घरभेटी, स्थलांतर रोखले' असं एका ओळीत लिहायचो. पोर्टफोलिओसाठी मी हजेरीपट घेऊन बसलो आणि मुलागणिक महिने मांडले. तेव्हा दिसलं की मोठ्या बहिणी गळतात त्या लावणीसाठी नाही, धाकट्याला सांभाळायला. अंगणवाडी आणि शाळेची वेळ जुळत नव्हती. सरपंचांशी, अंगणवाडी ताईंशी बोलून वेळ जुळवून घेतली. हे मला हजेरीपटानं सांगितलं, फोटोनं नाही. फोटोत तर मी वृक्षारोपण करतोय. :)

वासिंद आलं, पुढे रेंज जाते.

कोपरीची_ताई:

शाल-श्रीफळाचे फोटो कोणी घालू नका एवढीच विनंती. मी निवड समितीवर नाही, पण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी फाइली बघते. एका फाइलीत शिक्षकाचे सत्कार इतके की वर्ग कुठे आहे ते शोधावं लागलं.

सेक्टर_सतराचे_वकील:

परवानगीच्या प्रश्नावर, कारण बाकी कोणी त्याला हात लावलेला नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल. आठवीतली मुलगी स्वतः 'चालेल मॅडम' म्हणाली, त्याला अर्थ नाही. पालकांची संमती हवी आणि ती पडताळता येईल अशी हवी. शिवाय संमती विशिष्ट हेतूसाठी असते. प्रवेशाच्या फॉर्मवर 'शाळेच्या उपक्रमांचे छायाचित्रण करण्यास हरकत नाही' अशी सही असते, तिच्यावर विसंबू नका. तुमचा हेतू वेगळा आहे. व्हिडिओ शाळेबाहेर जाणार, बाहेरची संस्था तो तपासणार. ते पत्रात साध्या भाषेत लिहा: काय चित्रित करणार, कोण बघणार, कुठे अपलोड होणार, किती काळ राहणार, आणि 'नाही' म्हटलं तर मुलाचं काही नुकसान होणार नाही. पत्र पालकांच्या भाषेत द्या. नुसतं इंग्रजी पत्र देऊन सही घेतली तर उद्या ते पालक 'आम्हाला कळलंच नव्हतं' म्हणू शकतात आणि ते खरंही असेल.

ज्यांनी नकार दिला त्यांना वर्गाबाहेर काढू नका. कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरच्या बाकांवर बसवा. पाठ त्यांचाही आहे.

आणि चेहऱ्याची गरज नसेल तर चेहरा घेऊच नका. वहीच्या पानाचा फोटो काढताना वर कोपऱ्यात नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक सगळं असतं. ते झाका. मोबाइलमध्ये रेघ ओढून झाकलेलं काही वेळा उजेड वाढवला की वाचता येतं. कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा, झंझट नाही.

परदेशस्थ_नौपाडकर:

वकीलसाहेब, इकडेही तसंच. व्हिडिओत दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या प्रत्येकाची लेखी परवानगी. वर्गात मदतीला आलेल्या मोठ्या माणसाचीसुद्धा.

ऐरोलीकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. आसनगाव_लोकल सर, तुमचा प्रतिसाद स्टाफरूममध्ये वाचून दाखवला.

हिंमत करून एक तुकडा टाकते. आठवी, विषय तरंगणे-बुडणे. हा मेंटरनं पाहिलेला पाठ. मराठीतच लिहिलाय, मग इंग्रजी करीन:

'प्रथम विद्यार्थ्यांचे पूर्वज्ञान तपासले. त्यानंतर घनतेची संकल्पना प्रात्यक्षिकाद्वारे स्पष्ट केली. विद्यार्थ्यांनी गटात प्लॅस्टिसिनचा गोळा व वाटी यांचे निरीक्षण केले. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्साहवर्धक होता. स्वाध्यायात बहुतांश विद्यार्थ्यांनी योग्य उत्तरे दिली. पुढील वेळी वेळेचे नियोजन अधिक काटेकोर करावे असे वाटते.'

कळतंय मला, हे पाठ टाचणच झालंय. पण हात तिकडेच वळतो.

खारेगावचे_सर:

टाचण म्हणून उत्तम. :)

'पूर्वज्ञान तपासले' म्हणजे काय विचारलंत? शब्दशः लिहा. आणि मुलांनी काय उत्तरं दिली, तीही जशीच्या तशी, त्यांच्या भाषेत.

ऐरोलीकरीण:

विचारलं होतं: लोखंडी खिळा पाण्यात बुडतो, मग ठाण्याच्या खाडीतून जाणारा लोखंडी बार्ज (मालवाहू बोट) का बुडत नाही? आमची बरीच मुलं ऐरोलीच्या पुलावरून येतात, त्यांनी बार्ज पाहिलेत. चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं. एकानं लिहिलं, 'बार्जला इंजिन असतं म्हणून.' कोणी 'तो मोठा असतो म्हणून.' एका मुलीनं लिहिलं, 'खाडीचं पाणी खारट आहे म्हणून.' आणि एक मुलगा, ज्याला घटक चाचणीत पैकीच्या पैकी, त्यानं लिहिलं की लोखंडाची घनता पाण्यापेक्षा जवळजवळ आठपट आहे, त्यामुळे बार्ज बुडायलाच हवा, प्रश्नात काहीतरी चूक आहे. हा मला फार आवडला. :)

चिठ्ठ्या टाकून दिल्या नाहीयेत, कपाटात आहेत.

परदेशस्थ_नौपाडकर:

अहो ताई! कपाटात सोनं ठेवून फाइलीत प्रमाणपत्रं लावताय?

यातली दोन मुलं उचला: खारट पाणीवाली आणि पैकीच्या पैकी. दोघंही 'चूक' आहेत, पण किती वेगळ्या तऱ्हेनं बघा. मुलीचं निरीक्षण खरं आहे. खाऱ्या पाण्याची घनता थोडी जास्त असते, त्यात वस्तू किंचित वर तरंगते. फक्त तेवढ्यानं बार्ज तरंगत नाही. ती अनुभवातून बोलतेय, तिला सूत्र हवंय. मुलाकडे सूत्र आहे, त्यानं ते चोख वापरलं, पण बार्ज म्हणजे नुसतं लोखंड नव्हे, आतली पोकळी आणि हवा धरून अख्खी वस्तू, हे त्याला दिसलं नाही. त्याला सूत्र आणखी एकदा सांगून काही होणार नाही. म्हणजे एकाच वर्गात, एकाच तासाला, या दोघांना दोन वेगळ्या गोष्टी द्यायला हव्यात. तुम्ही काय दिलंत?

हा प्रश्न परीक्षकाचाच समजा.

ऐरोलीकरीण:

मुलीच्या गटाला मी दोन बादल्या दिल्या, साधं पाणी आणि मिठाचं पाणी, आणि खिळा दोन्हीत टाकायला सांगितला. दोन्हीत बुडला. ती लगेच म्हणाली, "मग मीठ नाही कारण." मग त्यांनीच प्लॅस्टिसिनची वाटी दोन्हीत सोडली आणि मिठाच्या पाण्यात ती किंचित वर राहते का ते बघत बसल्या. त्यात वेळ गेला. तेच मी 'वेळेचे नियोजन' म्हणून लिहिलं होतं.

मुलाला मी मुद्दाम लगेच उत्तर दिलं नाही. तोच प्लॅस्टिसिनचा गोळा आधी बुडव, मग त्याची वाटी करून तरंगव, आणि दोन्ही वेळा वजन करून दाखव, म्हटलं. वजन तेवढंच आलं. तो गप्प झाला. नंतर त्यानं वाटीत काठोकाठ पाणी भरून किती मावतं ते मोजलं, हे मी सांगितलं नव्हतं. त्याच्या वहीत दुसऱ्या दिवशीचं वाक्य आहे: 'आकारमान घेताना मी फक्त लोखंडाचं घेतलं होतं. वाटीच्या आतली जागा धरली नाही.'

खारेगावचे_सर:

ताई, तुम्ही आत्ता पोर्टफोलिओ लिहिलात.

'पुढील वेळी वेळेचे नियोजन' मात्र खोडा. मुली वाटीचं पाणी बघत बसल्या, तो वेळ वाया गेलेला नाही. तुम्ही तो दिलात. तसंच लिहा: ठरलेला शेवटचा भाग सोडून दिला, कारण त्या गटाच्या हाती काहीतरी लागत होतं. पाठ अर्धा राहिला तर परीक्षक रागावेल ही आपली इन्स्पेक्शनच्या जमान्यातली भीती.

परदेशस्थ_नौपाडकर:

आणि 'बहुतांश विद्यार्थ्यांनी योग्य उत्तरे दिली' हेही खोडा. इंजिनवाल्याचं काय झालं?

ऐरोलीकरीण:

इंजिनवाला अजून इंजिनवालाच आहे. स्वाध्यायात पुस्तकातलं वाक्य उतरवलंय, पण तोंडी विचारलं तर 'इंजिन बंद पडलं तर बुडेल' म्हणतो.

परदेशस्थ_नौपाडकर:

मग तोच तिसरा घ्या, हस्तपुस्तिकेत जागा असेल तर. जो अजून शिकला नाही, त्याच्याबद्दल तुम्हाला काय कळलंय आणि तुम्ही पुढे काय करणार. यानं पोर्टफोलिओ कमकुवत होत नाही. सगळे शंभर टक्के शिकले असं लिहिणाऱ्याकडे परीक्षक जास्त संशयानं बघतो.

इंग्रजीबद्दल राहिलंच. मराठीत लिहून त्याचं भाषांतर करू नका, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्साहवर्धक होता' याचं इंग्रजी तितकंच निर्जीव होतं. आता वर जसं बोललात तसं फोनवर रेकॉर्ड करा, मराठीत, मेंटरला सांगताय असं समजून. मग ते ऐकत ऐकत सरळ छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा. मुलांची वाक्यं मराठीत किंवा हिंदीत आली असतील तर मूळ ठेवा आणि खाली अर्थ द्या. व्याकरणाला मार्क नसतात, न कळण्याचे मात्र जातात.

कोपरीची_ताई:

एक व्यवहाराचं. शब्दमर्यादा आताच बघा. चिठ्ठ्या, पानं, निरीक्षण यांची संगती लावून प्रत्येकाला क्रमांक द्या आणि लेखनात तोच क्रमांक वापरा. ज्याचा उल्लेख लेखनात येत नाही तो पुरावा जोडूच नका. परीक्षक तो उघडणार नाही, आणि उघडला तर 'हा कशाला?' म्हणेल.

मामलेदार_मिसळ:

आईला विचारलं. हातच्याची वजाबाकी नाही, तिनं 'ळ' म्हणता न येणाऱ्या एका मुलाचं सांगितलं. पाऊण तास. मी रेकॉर्ड केलंय. आता तिला ते लिहायचंय म्हणते, कुठल्या प्रमाणपत्राला पाठवायचं विचारतेय. तिचं वय ७९.

ऐरोलीकरीण:

काकूंना सांगा, इथेच टाका, आम्ही वाचू.

आज त्या तीन मुलांच्या पालकांना पत्रं दिली, मराठी, हिंदी, इंग्रजी. इंजिनवाल्याच्या वडिलांनी गेटवरच सही केली आणि विचारलं, "मॅडम, पण खरंच, इंजिन बंद पडलं तर बुडत नाही ना?" त्यांना उद्या अर्धी सुट्टी आहे. दोघांना एकत्रच बोलावलंय, बादली तयार ठेवते.

सेक्टर_सतराचे_वकील:

वडिलांना व्हिडिओत घेणार असाल तर त्यांची स्वतःची वेगळी सही घ्या.